छताचं कुंकू

आमच्या हिंगळवाडीतल्या अकरा बायकांच्या छताचं कुंकू मी पुसलंय. स्वतःच्या हातानं, लिंबाच्या पाण्यानं. आणि त्याला कुंकू हे नाव ठेवणारीही मीच, रतन. म्हणजे चूक कुठं झाली हे शोधायला कुणाला लांब जायला नको.

आमचं माहेर त्याच गावातलं, कुंकवाचं. हळकुंडाला चुना आणि टाकणखार लावायचा, वाळवायचं, दळायचं. पिवळी हळद चुन्यानं लाल होते आणि लिंबानं परत पिवळी होते, हे आम्हा बहिणींना चालायला लागल्यापासून ठाऊक. पुढं बाजारात स्वस्त लाल पूड आली. अण्णांनी ती आणली आणि आईनं ती वीस वर्षं चाळली. अण्णा गिऱ्हाईक बघायचे, आई चाळण बघायची. वीस वर्षांनी अण्णा होते तसेच होते, आणि आईच्या कपाळावर रुपयाएवढा पांढरा डाग नि छातीत फुटका भाता. डाग झाकायला ती त्यावर आणखी मोठं कुंकू लावायची. ज्यानं डाग पडला तेच.

माझी धाकटी बहीण वैजयंता, म्हणजे वैजू, रसायनशास्त्र शिकली ती ह्या डागापायी. पुण्याला प्रयोगशाळेत लागली तेव्हा मला म्हणाली, "आक्का, आईच्या कपाळाला चालेल असं कुंकू करणार मी."

हळदीचा रंग उन्हात उडतो, ही मोठी अडचण. वैजूनं काय केलं, तर एका जातीच्या मातीत डोळ्याला दिसणार नाहीत इतकी बारीक भोकं असतात, त्यात रंगाचा एकेक कण बसवला. कबुतरं खुराड्यात बसवावीत तसा. आत बसलेला रंग उडत नाही, कातडीलाही त्रास देत नाही. मग तोंडाच्या पावडरीत असतं ते पांढरं, टायटॅनियमचं, त्याच्या जोडीला घेतलं आणि एका पत्र्यावर फासून उन्हात ठेवलं, रंग टिकतो का बघायला. पत्र्याला कसल्या तरी दुसऱ्या प्रयोगाच्या मीटरची वायर चिकटून राहिली होती. मीटरचा काटा हलला.

"त्याचं असं आहे आक्का," ती फोनवर सांगत होती आणि इकडे माझं दूध उतू जात होतं. "ऊन रंगाच्या कणावर पडलं की त्यातून एक इलेक्ट्रॉन उडतो. एरवी तो मुकाट्यानं जागेवर येऊन बसतो आणि रंग नुसता तापतो. पण शेजारी ते पांढरं असलं की ते त्याला झेलतं आणि तारेत ढकलतं. दिवा लावून, पंखा फिरवून तो परत रंगाकडे येतो. ह्या फेरीलाच वीज म्हणायचं."

"म्हणजे आधी पावडर, मग कुंकू. बाईसारखंच."

"हो. फक्त आंबट लागू द्यायचं नाही. आंबटानं नुसता रंग बदलत नाही, त्याची पकडच सुटते. मग परत लावा आणि तीन दिवसांचं कडक ऊन द्या, तेव्हा बसते."

कागदावर त्याचं नाव होतं व्ही-सतरा. मी म्हणाले, "वैजे, व्ही-सतरा घरावर कोण फासून घेईल? कुंकू म्हण. बायका नवऱ्याच्या मागं लागून लागून लावून घेतील."

आणि घेतलं. दोन वर्षांत हिंगळवाडी वरून बघावी तर हळदीकुंकवाला निघालेली. सरकारनं प्रत्येक छताची जोडणी घरच्या बाईच्या नावावर केली. रंग करणाऱ्या कंपनीनं रंगवायला चौदा पुरुष पाठवले, तर पहिल्याच घरी आमची शेवंतामावशी शिडीला आडवी. "कुंकवावर पाय देणार तुम्ही? पुरुषमाणसं?" त्यांनी बूट काढले. ती म्हणाली, "पायच काढून ठेवा." चौदाही परत गेले आणि गावच्या चौदा बायकांना काम लागलं, त्यात मी मुकादम. अशी आमच्याकडे समानता शिडीवरून चढून आली. तिचा पुरस्कारही मिळाला. तो घ्यायला मुंबईला आमच्या सरपंच सुरेखाताई जाणार होत्या, पण त्यांना गाडी लागते, म्हणून त्यांचे यजमान नागनाथभाऊ गेले. ग्रामसभेतही सुरेखाताईंना घसा बसायचा, म्हणून नागनाथभाऊच बोलायचे. फोटोत ते 'स्त्रीशक्ती' लिहिलेली ढाल धरून उभे आहेत.

फजित्या तर रोजच्या. एकीनं छतावर लिंबाचं लोणचं मुरत ठेवलं, बरणी कलंडली आणि मालिकेतल्या नायिकेला नवरा ओळखणार तेवढ्यात अर्ध्या गल्लीचे टीव्ही बंद. त्या नायिकेला पुढं ओळखलं की नाही, आमच्या गल्लीला अजून माहीत नाही. पण एकंदरीत झकास चाललं होतं. इतकं झकास, की गाव 'स्वयंप्रकाशित' जाहीर झालं आणि जुन्या तारा गुंडाळून, खांब उपटून वीज मंडळाची माणसं हात हलवत निघून गेली. आम्हीही हात हलवले.

आईला ऑक्सिजनचं मशीन ह्याच कुंकवावर मिळालं. दिवसा छतावर चालायचं, संध्याकाळनंतर बॅटरीवर. घुर्र, फस्स, घुर्र, फस्स. आई म्हणायची, "वैजीनं माझ्या कपाळाचं कुंकू करायला घेतलं आणि छातीचं केलं."

मग शेवंतामावशीचा नवरा गेला.

इथं एक सांगायला हवं. विधवा प्रथा बंद, असा ठराव आमच्या गावानं केव्हाच केला होता. बाईच्या कपाळाला, बांगडीला, जोडव्याला कुणी हात लावायचा नाही. कुणी लावतही नव्हतं. गाव पुढारलेलं. पण दहाव्याला नागनाथभाऊ वर बघून म्हणाले, "कपाळाचं राहू दे हो, तो तिचा अधिकार. पण घरावर कुंकू? ते सगळ्या गावाला दिसतं."

आणि मान डोलली. एकाची नाही, सगळ्यांची. वर चढायला पुरुष चालत नव्हते, म्हणून मी चढले. वाटलं, दिवस होऊन जाऊ देत, मग परत लावून टाकू. लिंबाच्या पाण्यात पोतेरं बुडवलं आणि फिरवलं. लाल छत माझ्या पायाखाली पिवळं होत गेलं. मावशी खाली उभी होती, कपाळावर कुंकू तसंच.

परत लावायचं कुणी बोललंच नाही. दुसरी गेली, म्हणजे दुसरीचा गेला, तेव्हा मला बोलावणंच आलं. तिसऱ्या वेळेला छत रंगवायच्या कंपनीच्या अर्जात नवा रकाना आला होता: 'छतधारक सौभाग्यवती / इतर'. 'इतर'वर बोट ठेवलं की पुढचं पान उघडतच नव्हतं. अकरा झाल्या. अकरा घरांत दिवा नाही, आणि गुंडाळून नेलेल्या तारा आणायच्या कुठून? त्या बायका शेजारच्या ओट्यावर फोन चार्जिंगला लावून, लग्नात उशिरा आलेल्यांसारख्या कडेला बसायच्या. मी त्यांच्याशी हसून बोलायचे. हातातलं पिवळं पदराला पुसायचे.

अण्णा गेले ते चहा पिता पिता. कपात दोन घोट शिल्लक होते.

वैजू पुण्याहून आली. दहाव्याला नागनाथभाऊ अंगणात आले, टोपी हातात, चेहरा खरोखर पडलेला. अण्णांचा त्यांना लळा होता.

"रतनताई, कसं बोलू? पण रीत..."

"भाऊ, आईचं मशीन आहे त्याच्यावर."

"अहो, आम्ही काय माणुसकी सोडलीय? ठेवू की आठ-पंधरा दिवस."

मागं शेवंतामावशी येऊन उभी राहिली होती. ती म्हणाली, "रतने, माझं साखरेचं इंजेक्शन मी माठाच्या ओल्या वाळूत पुरून ठेवते. गेल्या महिन्यात नासलं, तर आठ दिवस दवाखान्यात पडले. माझं पुसायला चढलीस तेव्हा विचारलंस का, की मावशी, घरात फ्रीजमध्ये काय आहे?"

काही लागलेलं नसताना मी हात पदराला पुसले.

"तुझ्या आईचं पूस म्हणत नाही मी. माझी जिवाची मैतरीण आहे ती. नुसतं विचारते, विचारलंस का?"

वैजू उसळली. "कुंकू नाहीये ते! रंगद्रव्य आहे! मातीत बसवलेलं रंगद्रव्य! नावानं खेळ केलाय सगळा."

नागनाथभाऊंना हे एकदम पटलं. नाव बदललं की रीतही आपोआप सुटेल, असं त्यांनाही वाटलं. दुसऱ्या दिवशी ग्रामसभा घेऊन त्यांनी ठराव करून टाकला: छतावरील पदार्थास यापुढे कुंकू न म्हणता रंगद्रव्य म्हणावे. टाळ्या पडल्या. बाराव्या दिवशी नळावर एकजण दुसरीला हळू आवाजात विचारत होती, "सोनाबाईंचं रंगद्रव्य कधी पुसणार गं?" सोनाबाई म्हणजे आमची आई.

मी ते आईला सांगितलं. आई हसली आणि हसण्यानं तिला खोकला लागला. नळी नीट केली, पाणी पाजलं. श्वास जागेवर आल्यावर म्हणाली, "रतने, माझं छत तू राखणार. लेक आहेस. पण मग त्या अकराजणींना लेकी नाहीत म्हणून त्या अंधारात, असं झालं की गं."

"मग काय करू?"

"लाव त्यांचं परत. शेवंतीपासून सुरू कर."

"कंपनीचा अर्ज..."

"पुसलंस तेव्हा अर्ज केला होतास?"

उद्या तेरावं, परवापासून सुरू करते, म्हटलं. ती म्हणाली, "तेराव्याचं जेवण दुपारी. सकाळी शेवंतीला पावडर तरी लागेल."

आईनं मला आयुष्यात फार कामं सांगितली नाहीत. हे सांगितलं.

तेराव्याला आमच्या गल्लीत प्रत्येक घरी शेगड्या पेटल्या होत्या. दोनशे पानांचं गोडाचं जेवण, म्हणून स्वयंपाक घरोघर वाटून दिलेला. कुणाकडे पुरण, कुणाकडे आमटी. सगळं विजेवर. घरोघरच्या बॅटऱ्या रात्रीच्या रिकाम्या झालेल्या, त्यात सकाळपासून भरत होतं ते शेगड्या खात होत्या. आईचं मशीन सरळ छतावर चाललेलं. ऊन असं पडलं होतं की वैजू म्हणाली, "आज मीटर फुटेल."

मी दोन गल्ल्या पलीकडे शेवंतामावशीच्या छतावर होते. अर्ध्या छताला पांढरं लावून झालं होतं. मावशी शिडी धरून वर बघत म्हणाली, "पावडर लावली गं बाई मला, सत्तराव्या वर्षी." मी हसले. तेवढ्यात डोक्यावरून भुंग्यासारखा आवाज गेला.

नागनाथभाऊंचं द्राक्षावर फवारायचं ड्रोन. मळ्याकडे चाललं असेल म्हणून मी काम चालू ठेवलं.

त्यांच्या मनात वाईट नव्हतं, हे मी आजही सांगते. त्यांनी रात्रभर विचार केला होता. ठरावानं लोकांची तोंडं बंद होत नव्हती. पुसायचं तर पुरुषानं चढायचं नाही, आणि लेकीच्या हातून आईचं कुंकू पुसायचं हे त्यांना बघवेना. मग त्यांना सुचलं, ड्रोनला कुठं पाय आहेत? त्यांनी टाकीत लिंबाचा रस भरला. आणि मशीनची सोयही केली होती. चाळीस मीटर वायरचं भेंडोळं खांद्यावर घेऊन ते आमच्या दारात उभे होते. इकडे आईचं छत पुसलं गेलं की तिकडे आपल्या घरातून वायर ओढायची, मशीन बंद पडायच्या आत. त्यांचं घर आमच्या समोरच.

आईचं छत दोन गुंठ्यांचंही नाही. पण ते ड्रोन एक एकराच्या खाली फवारत नाही. कंपनीनं बसवलेलं तसंच. नागनाथभाऊंनी पडद्यावर आमच्या छतावर बोट ठेवलं, 'सुरू' दाबलं, आणि ते शहाणं यंत्र आमच्या छताला मधोमध धरून गल्लीच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत ओळीनं फवारत गेलं. आमचं छत, शेजारचं, त्याच्या शेजारचं, समोरचं. नागनाथभाऊंचं.

हाक आली नि मी धावत पोचले तेव्हा सगळी गल्ली पिवळी होती. भर उन्हात इतकी पिवळी, की लग्नघरासारखी दिसत होती.

मशीन थांबलेलं. बॅटरीवर ते नऊ मिनिटं चाललं होतं. वैजू छतावर चढली होती, घमेल्यात चुन्याची निवळी घेऊन, आणि वेड्यासारखी ओतत होती. चुना लागला की हळद लाल होतेच. झाली. सगळं छत लालभडक झालं, पहिल्या दिवसासारखं. ती वरून ओरडली, "आक्का, मीटर बघ!"

मी बघितलं. शून्य.

रंग आला होता. पकड आली नव्हती. वैजूला हे माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. तरी तिनं दुसरं घमेलं मागितलं.

नागनाथभाऊ वायर घेऊन पळत होते. ह्या घरात घाला, त्या घरात घाला. शेजारच्या घरच्या बॅटरीवर मशीन सात मिनिटं चाललं. त्याच्या पलीकडे चार. तिसऱ्या घरी पुरणाची शेगडी कुणी तरी धाडकन बंद केली, तिथं पाच मिनिटं मिळाली. मशीन मधे, चाळीस मीटर वायर ह्या दारातून त्या दारात, बायका पानं टाकून उंबऱ्यावर आलेल्या. "आमच्याकडे थोडी असेल हो, आमच्याकडे बघा." दोन मिनिटं. एक. रुग्णवाहिका तालुक्याहून निघाली होती, अडतीस किलोमीटर.

मग मला माझं घर आठवलं. माझं सासरचं घर, दोन गल्ल्या सोडून, शेवंतामावशीच्या शेजारी. तिथं छत लाल होतं. माझा नवरा धडधाकट होता. हे आधी का सुचलं नाही? कारण नागनाथभाऊंच्या हातात वायर होती आणि आम्ही सगळे वायरीच्या मागं धावत होतो.

मशीन पायाशी ठेवून खाटेसकट आईला उचललं. एका बाजूला मी नि वैजू, दुसऱ्या बाजूला नागनाथभाऊ आणि माझा नवरा. वैजूचे हात चुन्यानं पांढरे, लिंबानं भाजलेले. आई डोळे उघडून वर बघत होती. ऊन तोंडावर येत होतं म्हणून मी पदर धरला, तर तिनं मान हलवून बाजूला करायला लावला. मारुतीच्या पाराजवळ तिनं माझं मनगट धरलं. ओठ हलले. मी कान नेला.

"शेवंतीचं... पावडर वाळली का?"

"वाळली आई."

पारापासून माझं दार साठ पावलं आहे. मी नंतर मोजली. आम्ही पोचलो, मशीन लावलं, ते लगेच चालू झालं. घुर्र, फस्स. झकास चाललं. नळी आईच्या नाकाशी धरून वैजू किती तरी वेळ बसली होती. मग शेवंतामावशीनं येऊन बटण बंद केलं.

आईला मी कुंकू लावलं. वैजूच्या पहिल्या डबीतलं, कातडीला न जाळणारं. डाग झाकण्याइतकं मोठं नाही, लहानच. डाग दिसू दिला.

पाच दिवसांनी सुरेखाताई माझ्याकडे आल्या. एकट्या. गल्लीतल्या सवाष्णींची छतं पिवळी आणि घरं अंधारी. गावानं पटापट नवा ठराव केला होता, की अपघातानं पुसलेलं कुंकू पुसलेलं धरू नये. सुरेखाताई म्हणाल्या, "रतन, आमचं कधी लावतेस?"

त्यांचा आवाज मी पहिल्यांदाच एवढा स्पष्ट ऐकला. घसा चांगला होता की.

"अकराजणींचं झाल्यावर. मग तुमची गल्ली. तुमचा नंबर बारावा."

मला वाटलं, रागावतील. त्यांनी पदर खोचला. "आज कुणाचं आहे?"

"शेवंतामावशीचं. पावडर झालीय, आज कुंकू."

शिडी त्यांनी धरली. थोड्या वेळानं नागनाथभाऊ गल्लीच्या तोंडाशी आले. ते आता सावकाश चालतात, आणि ती वायर अजून खांद्यावरून खाली ठेवलेली नाही. लांबूनच म्हणाले, "अहो, घरात काही दिसत नाही. दिवा..."

"बसा मग अंधारात," सुरेखाताई म्हणाल्या. शिडीवरचा हात काढला नाही.

भाऊ भिंतीला टेकून बसले, अंधारात नाही, तिथंच उन्हात.

तीन दिवसांचं ऊन झालं. चौथ्या दिवशी सकाळी तारा जोडायला मी परत वर चढले. वैजूचा पुण्याहून फोन चालू होता. नाव काय ठेवायचं ह्या रंगाचं, असं ती विचारत होती. मी म्हटलं, आता मला नको विचारूस. जोड घट्ट केला. खाली मावशीनं वाळूतून इंजेक्शनची डबी काढली, पदरानं पुसली, आणि फ्रीजचं बटण दाबलं.

घुर्र.

आईच्या मशीनसारखाच आवाज. फक्त नंतरचं फस्स नव्हतं. मी शिडीच्या मधल्या पायरीवर थांबून त्याची वाट बघत राहिले.

"रतने, उतर की आता," मावशी खालून म्हणाली. "अजून दहा आहेत."